लिरेचे कम्यूनपण

लिरे हे पश्चिम फ्रान्समधले, ल्वार नदीच्या डाव्या काठाजवळचे गाव. समोरच्या काठावर आंसनी हे बाजारगाव आहे आणि दोहोंना जोडणारा झुलता पूल. नदीच्या उतारावर पुढे नांत हे मोठे शहर लागते. लिरेची वस्ती सुमारे अडीच हजार. मधोमध चर्च, त्याभोवती घरांचा पुंजका आणि बाकीची माणसे कुंपणांच्या शेतांमध्ये विखुरलेल्या वाड्यांवर, अशी या मुलखातल्या गावांची ठेवण असते. १५ डिसेंबर २०१५ रोजी लिरे आणि शेजारची आठ गावे मिळून ओरे-दांजू नावाची एकच कम्यून झाली. त्या दिवशी लिरेतले एकही घर हलले नाही. संपले ते गावाचे कम्यूनपण. ते सुमारे सव्वादोनशे वर्षे टिकले होते.

कम्यून म्हणजे फ्रान्समधली सर्वांत खालची स्वराज्य संस्था. आपल्याकडे ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महानगरपालिका असे वेगळे साचे आहेत, फ्रान्समध्ये साचा एकच आहे. लाखो वस्तीचे शहर ही कम्यून आहे आणि डोंगरातली दहा उंबऱ्यांची वस्तीही कम्यूनच. प्रत्येकीला परिषद, मेयर, अंदाजपत्रक आणि कार्यालय आहे. या कार्यालयाला तिथे ‘मेरी’ म्हणतात. अधिकारांत मोठी तफावत नसली तरी ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक, ही या व्यवस्थेची मूळची गंमत आणि मूळची अडचणही. २०१० च्या सुमारास देशात अशा ३६ हजारांहून अधिक कम्यून होत्या. युरोपीय संघातल्या सगळ्या गाव-नगर संस्थांपैकी सुमारे ४० टक्के एकट्या फ्रान्सच्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक कम्यूनमध्ये प्रत्येकी ५०० माणसेही नव्हती.

कम्यून होण्याआधी लिरे हा पॅरिश होता, म्हणजे एका चर्चच्या आणि एका धर्मगुरूच्या हाताखालचा मुलूख. जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद त्या धर्मगुरूच्या वहीत होई. गावच्या कामाची चर्चा रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दारात होई आणि सरकारी हुकूमही तिथेच वाचून दाखवले जात. जमिनीवर हक्क सरदार घराण्यांचा होता. लिरेच्या हद्दीतली ला त्युरमेलियेर ही गढी अशाच एका घराण्याकडे होती. १५२२ च्या सुमारास या गढीत जोआशँ द्यु बेले जन्मला. पुढे तो फ्रेंच काव्यातल्या ‘प्लेयाद’ या मंडळाचा एक म्होरक्या झाला. लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहा, असे ठासून सांगणारा त्याचा जाहीरनामा १५४९ मध्ये प्रसिद्ध झाला. १५५३ मध्ये तो एका कार्डिनल नातलगाच्या पदरी रोमला गेला, तिथल्या दरबारी कारभाराला विटला आणि परतल्यावर १५५८ मध्ये ‘ले रग्रे’ हा सुनीतसंग्रह त्याने छापला. त्यातल्या एका सुनीतात रोमच्या वैभवाशी तुलना करून त्याने आपल्या गावाला पसंती दिली आहे, आणि ती देताना गावाचे नाव घेऊन त्याला छोटे म्हटले आहे. हे सुनीत पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच शाळांमध्ये पाठ करून घेतले जाते. त्यामुळे लिरे कधीही न पाहिलेल्या माणसालाही लिरे छोटे आहे एवढे ठाऊक असते. फार थोड्या कम्यूनच्या वाट्याला असे नाव आले.

या मुलखाची खरी ओळख मात्र सीमेवरचा प्रदेश ही होती. ल्वारच्या अलीकडे आंजू प्रांत, पलीकडे आंसनीत ब्रिटनी. मध्ययुगात ब्रिटनीचे ड्यूक आणि फ्रान्सचे राजे या पट्ट्यातल्या किल्ल्यांसाठी झगडत. लिरेच्या पश्चिमेला उंच कड्यावर शांतोसोचा किल्ला होता. १४२० मध्ये किल्ल्याच्या मालक पाँतिएव्र घराण्याने ब्रिटनीचा ड्यूक पाचवा जाँ याला कपटाने पकडले. तो सुटल्यावर सूड म्हणून हा किल्ला पाडला गेला. लढाया थांबल्या तरी सीमा उरली, ती मिठाच्या रूपाने. आंजू प्रांतात ‘गाबेल’ हा मिठावरचा कर सर्वांत जड दराने लागू होता. ठरावीक मीठ सरकारी कोठारातून विकत घेणे सक्तीचे होते. ब्रिटनीला मात्र या करातून पूर्ण सूट होती. साहजिकच नदीच्या दोन काठांवर एकाच मिठाची किंमत वीस-तीस पटींनी वेगळी होती. ब्रिटनीच्या साऱ्या सीमेवर मिठाची चोरटी वाहतूक हा जणू जोडधंदाच होऊन बसला होता. काही भागांत त्यासाठी कुत्रीसुद्धा शिकवून तयार केली जात. पकडले गेलेल्यांना वल्हवण्याच्या गलबतांवर गुलामी करावी लागे. हा कर १७९० मध्ये रद्द झाला. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने केलेल्या ज्या मोजक्या गोष्टींबद्दल या भागात कोणाची तक्रार नव्हती, त्यांपैकी ही एक.

क्रांतीने कम्यून कशी घडवली, हे नीट पाहायला हवे, कारण २०१५ मधला वाद मुळात १७८९ मधलाच वाद आहे. राष्ट्रीय सभेपुढे दोन आराखडे होते. अबे सियेस आणि तुरे यांचा आराखडा भूमितीचा होता. देशाचे ८० च्या आसपास समान तुकडे, प्रत्येक तुकड्याचे नऊ भाग, आणि असा प्रत्येक भाग म्हणजे एक मोठी कम्यून. सगळ्या देशात ७०० हून थोड्या अधिक. सभासद मिराबोचा याला विरोध होता. माणसे जिथे एकत्र राहतात, प्रार्थना करतात आणि आपली मृत माणसे पुरतात, तिथेच त्यांची सभा असावी, असा त्याच्या बाजूचा सूर होता. अखेर १४ डिसेंबर १७८९ च्या कायद्याने दुसरी बाजू जिंकली. प्रत्येक शहर, कसबा, पॅरिश आणि ग्रामसमूह यांना एक नगरपालिका मिळाली. सुमारे ४४ हजार पॅरिश आणि ग्रामसमूहांतून कम्यून जन्मल्या. लिरे त्यांतलीच एक.

१७९२ च्या सप्टेंबरात दुसरे पाऊल पडले आणि ते अधिक खोल गेले. जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या धर्मगुरूंकडून काढून कम्यूनकडे देण्यात आल्या. माणूस कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा आणि केव्हा मेला, हे सांगण्याचा अधिकार आता चर्चला उरला नाही. लग्न कायदेशीर व्हायचे तर आधी मेरीत लागले पाहिजे, चर्चमध्ये त्यानंतर, हा नियम फ्रान्समध्ये आजही आहे. चर्च आणि मेरी समोरासमोर, हे फ्रेंच गावाच्या चौकाचे नेहमीचे चित्र आहे. त्याची मुळे या वह्यांच्या हस्तांतरात सापडतात.

लिरेच्या मुलखाने मात्र ही भेट सुखाने घेतली नाही. ल्वारच्या दक्षिणेकडच्या या भागाला मोज म्हणतात. १७९० च्या कायद्याने धर्मगुरूंना सरकारी नोकर केले आणि राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. मोजमधल्या बहुतेक धर्मगुरूंनी ती घेतली नाही. मग बाहेरून शपथ घेतलेले धर्मगुरू पाठवण्यात आले, लोकांनी त्यांच्या प्रार्थनेकडे पाठ फिरवली, आणि नव्या नगरपालिकांचे सभासद कैचीत सापडले. फेब्रुवारी १७९३ मध्ये तीन लाख सैनिकांची भरती जाहीर झाली. १२ मार्चला लिरेच्या पूर्वेला असलेल्या सँ-फ्लोरां-ल-व्हिये गावी चिठ्ठ्या काढून तरुण निवडायचे होते. जमावाने ती भरती उधळली आणि व्हांदेचे युद्ध म्हणून ओळखले जाणारे बंड पेटले. त्याच गावी १८ ऑक्टोबर १७९३ रोजी मरणाच्या दारात असलेल्या बाँशां या बंडखोर सेनानीने सुमारे पाच हजार प्रजासत्ताकवादी कैद्यांना जीवदान दिले. कैद्यांमध्ये लाकडात कोरीवकाम करणारा एक कारागीर होता. त्याचा मुलगा पुढे शिल्पकार दाव्हिद दांजे म्हणून प्रसिद्ध झाला आणि बापाच्या सुटकेची परतफेड म्हणून त्याने बाँशांची समाधी घडवली. त्याच सुमारास बंडखोरांची फौज, मागे बायकापोरे, अशी ऐंशी हजारांच्या घरातली गर्दी ल्वार ओलांडून उत्तरेला गेली. डिसेंबरमध्ये तिचे अवशेष परत आले, तेव्हा आंसनीपाशी नावा नव्हत्या. ला रॉशजाकलँ आणि स्तोफ्ले हे दोन सेनापती मोजक्या माणसांनिशी कसेबसे लिरेच्या बाजूला उतरले. बाकीची फौज पलीकडेच अडकली आणि आठवड्याभरात कापली गेली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला सेनापती त्युरो याच्या ‘नरकतुकड्या’ गावे जाळत मोजमधून फिरल्या.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली याने १९६४ मध्ये व्हांदेवर जे पुस्तक लिहिले, त्याचा अभ्यासविषय नेमका हाच, दक्षिण आंजूचा मुलूख होता. राजा आणि धर्म एवढ्यावर त्याने भागवले नाही. गावात कोणाचा शब्द चालायचा, धर्मगुरूचा की नव्या व्यापारी-वकील मंडळींचा, हा झगडा त्याने कागदपत्रांतून पुढे आणला. कम्यून म्हणजे या झगड्याचा आखाडा. म्हणून मोजचे लोक कम्यूनच्या विरोधात उठले, असे म्हणणे अर्धेच खरे. आपला पॅरिश दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून ते उठले. पॅरिशच्या सीमा आणि कम्यूनच्या सीमा बहुतेक ठिकाणी एकच होत्या, त्यामुळे शांतता झाल्यावर हीच कम्यून त्यांची स्वतःची झाली.

१८०० मध्ये नेपोलियनच्या राजवटीने कम्यून ठेवली, पण तिच्यातला प्राण काढून घेतला. मेयर नेमला जाऊ लागला. लहान गावांत ही नेमणूक प्रीफेक्ट, म्हणजे देपार्तमां या जिल्ह्यासारख्या विभागाचा सरकारी प्रमुख, करत असे. मोजमध्ये मेयरपदे बहुधा गढीवाल्या घराण्यांकडे किंवा त्यांच्या माणसांकडे गेली. १८३१ पासून परिषद मर्यादित मतदारांनी निवडली, १८४८ पासून सर्व प्रौढ पुरुषांनी. १८८२ मध्ये मेयर निवडण्याचा अधिकार परिषदेला मिळाला आणि ५ एप्रिल १८८४ च्या कायद्याने सगळी व्यवस्था एका चौकटीत बसवली. या कायद्याचा सर्वांत डोळ्यात भरणारा परिणाम विटा-दगडांत दिसतो. मेरीसाठी जागा असणे प्रत्येक कम्यूनवर बंधनकारक झाले. त्याआधी अनेक गावांत कम्यूनचे दप्तर मेयरच्या घरातल्या कपाटात असे आणि सभा मिळेल त्या खोलीत भरत. १८३३ च्या गिझो कायद्याने प्रत्येक कम्यूनला मुलांची शाळा सक्तीची केली होतीच. दोन्ही खर्च एकत्र करून मध्ये मेरी, एका अंगाला मुलांचा वर्ग, दुसऱ्या अंगाला मुलींचा आणि वरच्या मजल्यावर मास्तरांचे बिऱ्हाड अशी ‘मेरी-एकोल’ ही इमारत देशभर उभी राहिली. शाळेचा मास्तरच मेरीचा चिटणीस असे. तो सकाळी मुलांना अंकगणित शिकवी आणि संध्याकाळी मृत्यूची नोंद करी. अर्धी ग्रामीण फ्रेंच लोकशाही या एका पगारावर चालली, असे म्हणायला हरकत नाही. मोजमध्ये यात एक तिढा होता. इथे कॅथलिक खासगी शाळांकडेच पालकांचा ओढा राहिला, त्यामुळे अनेक गावांत चर्चची शाळा भरलेली आणि कम्यूनची शाळा ओस.

२२ सप्टेंबर १९०० रोजी पॅरिसच्या तुइलरी बागेत प्रजासत्ताकाने देशभरच्या मेयरना जेवायला बोलावले. २० हजारांहून अधिक मेयर आले. टेबलांच्या रांगा इतक्या लांब होत्या की व्यवस्थापक सायकलींवरून आणि एका मोटारीतून फेऱ्या मारत होते. अडीच हजार वस्तीच्या गावाचा प्रमुख राष्ट्राध्यक्षांच्या पंगतीला बसला. कम्यूनच्या इतिहासातला हा कळस होता, आणि तो नेमका खेडी रिकामी होऊ लागल्याच्या काळात आला.

१८५१ मध्ये आंजेहून नांतला जाणारी रेल्वे ल्वारच्या उत्तर काठाने आली. स्टेशन आंसनीला झाले. नदीवरची मालवाहू गलबते काही वर्षांतच कमी झाली आणि दक्षिण काठ मागे पडला. मग १९१४ चे महायुद्ध आले. ते संपल्यावर जवळजवळ प्रत्येक कम्यूनने मृतांच्या नावांचा स्तंभ उभारला. ऑक्टोबर १९१९ च्या कायद्याने त्यासाठी अनुदानही मिळाले. ज्या गावाने युद्धात एकही माणूस गमावला नाही, असे गाव शोधूनच काढावे लागते. नॉर्मंडीतले तियेरव्हील हे त्यासाठी प्रसिद्ध आहे. या स्तंभांनी कम्यूनला एक असा अधिकार दिला, जो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. मेलेल्यांची नावे गावाची म्हणून वाचण्याचा तो अधिकार. व्हर्दनच्या रणांगणावर १९१६ मध्ये नामशेष झालेली सहा गावे आजही कागदोपत्री कम्यून आहेत. तिथे रहिवासी शून्य, परिषद तीन जणांची, तीही प्रीफेक्टने नेमलेली. कम्यून मोडायला फ्रेंच मन का कचरते, हे समजून घ्यायला ही सहा नावे पुरेशी आहेत.

वस्ती घटत गेली तशी लहान कम्यूनना साधी कामेही झेपेनात. विहिरीऐवजी नळ हवा, वीज हवी, मुलांना नेणारी बस हवी. १८९० पासून कायद्याने कम्यूनना एकेका कामासाठी संघ करायची मुभा दिली होती, १९५९ मध्ये अनेक कामांसाठी. फ्रान्सने हा मार्ग पसंत केला, कारण त्यात कोणाचे नाव पुसले जात नव्हते. उलट शेजारच्या बेल्जियमने १ जानेवारी १९७७ रोजी २,३५९ कम्यूनच्या ५९६ करून टाकल्या. फ्रान्सनेही १९७१ मध्ये गृहमंत्री रेमाँ मार्सेलँ यांच्या कायद्याने विलीनीकरणाचा प्रयत्न केला होता. त्यात एकूण हजाराच्या आसपासच कम्यून कमी झाल्या, आणि काही जोड्या पुढे घटस्फोट घेऊन वेगळ्याही झाल्या. १९९२ आणि १९९९ च्या कायद्यांनी मग संघांचीच जागा घेणारे ‘कम्यून समुदाय’ आणले. लिरे शांतोसो कॅन्टनच्या, म्हणजे त्या मतदारगटाच्या, अशा समुदायात आले. गटारे, कचरा आणि उद्योगांसाठीच्या जमिनी ही कामे हळूहळू तिकडे सरकली. गावच्या परिषदेकडे राहिले ते शाळा, स्मशान, रस्त्याचे खड्डे आणि नोंदवह्या. कम्यून संपण्याआधी वीस वर्षे ती अशी आतून रिकामी होत होती, आणि विलीनीकरणाच्या चर्चेत हा भाग फारसा कोणी बोलून दाखवला नाही.

डिसेंबर २०१० च्या कायद्याने ‘नवी कम्यून’ ही तरतूद आणली. तिच्यात सक्ती नव्हती आणि जुन्या गावांना ‘सोपवलेली कम्यून’ किंवा सोप्या शब्दांत उपकम्यून म्हणून राहता येत होते, स्वतःचा उपमेयर आणि मेरीची शाखा ठेवून. आधी फारशी हालचाल झाली नाही. २०१३ च्या सुरुवातीला लिरेच्याच मेन-ए-ल्वार देपार्तमांमध्ये बोजे-आन-आंजू आणि शमिये-मले अशा मोजक्या नव्या कम्यून झाल्या. मग पैशाने गाडा हलवला. २०१४ ते २०१७ या काळात सरकारने कम्यूनना मिळणाऱ्या मुख्य अनुदानाला मोठी कात्री लावली. १६ मार्च २०१५ च्या कायद्याने असे आमिष दाखवले की १ जानेवारी २०१६ पर्यंत एकत्र येणाऱ्यांचे अनुदान तीन वर्षे कापले जाणार नाही. एक हजार ते दहा हजार वस्तीच्या नव्या कम्यूनला वर पाच टक्के जादा. एखाद्या समुदायातली सगळीच गावे एक झाली तर मोठ्या आकारालाही ही हमी होती. खेड्यातल्या मेयरनी हिशेब केला: आज एकत्र आलो तर तीन वर्षे तरी निभावते. म्हणून १ जानेवारी २०१६ च्या आसपास देशभर विलीनीकरणांची रीघ लागली, आणि २०१९ च्या सुरुवातीला देशातल्या कम्यून ३५ हजारांच्या खाली आल्या.

सर्वांत पुढे गेले ते मेन-ए-ल्वार. इथल्या कम्यून ३६३ वरून काही वर्षांत १७७ वर आल्या. आणि त्यातही पुढे मोज. १५ डिसेंबर २०१५ या एकाच दिवशी मोजमधल्या ६० हून अधिक गावांच्या सहा नव्या कम्यून झाल्या. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या पॅरिशच्या हद्दीसाठी ज्या मुलखाने बंदूक उचलली, त्याच मुलखाने इतक्या सहजतेने त्या हद्दी मिटवाव्यात, हे पहिल्या नजरेला चमत्कारिक वाटते. पण दुसऱ्या महायुद्धानंतर या भागाचा कायापालट झाला होता. कॅथलिक शेतकरी युवक संघटनेतून पुढे आलेल्या पिढीने सहकारी शेती, गावोगावचे बूट आणि कापड कारखाने आणि मोजव्यापी संस्था उभ्या केल्या. एकत्र काम करायची सवय मेरीच्या बाहेर लागली, आणि कायदा येईपर्यंत ती जुनी झाली होती. विलीनीकरणाचा ठराव गावच्या परिषदांनी करायचा असतो, प्रीफेक्ट त्यावर हुकूम काढतो. सगळ्या परिषदा एकमताच्या असतील तर गावकऱ्यांचे मत घेण्याची कायद्याला गरज नाही. खेड्याची सर्वांत मोठी उलथापालथ खेड्याला न विचारता होऊ शकते, हा या कायद्यातला सर्वांत कच्चा दुवा.

लिरेबरोबर आलेली आठ गावे अशी: बुझिये, शांतोसो, द्रँ, लांदमों, सँ-क्रिस्तोफ-ला-कुप्री, सँ-लोरां-देझ-ओतेल, सँ-सोव्हर-द-लांदमों आणि ला वारेन. दीडशे चौरस किलोमीटरहून थोडा अधिक मुलूख आणि १६ हजारांच्या आसपास माणसे. नाव ठरवताना नऊपैकी कोणाचेच घेतले नाही. ‘ओरे’ म्हणजे रानाची कड, जिथे झाडी संपून मोकळे सुरू होते ती जागा. ओरे-दांजू म्हणजे आंजूची कड. प्रांताच्या पश्चिम टोकावरच्या, ब्रिटनीला खेटून असलेल्या मुलखाला हे नाव शोभते. तरी त्यात एक तटस्थ गुळगुळीतपणा आहे. शांतोसोचा किल्ला, लिरेचा कवी, बुझियेच्या हद्दीतले सोळाव्या शतकातले ला बुरगोनियेर प्रार्थनामंदिर, यांपैकी एकाचेही नाव घेतले असते तर बाकी आठांचा प्रश्न उभा राहिला असता. नव्या कम्यूनची मुख्य कचेरी द्रँ या गावी आली. द्रँला साहित्यात ना नाव, ना किल्ला. कदाचित म्हणूनच ते सर्वांना चालले. पाठोपाठ १ जानेवारी २०१६ पासून सहा नव्या कम्यूननी मिळून ‘मोज समुदाय’ हा एकच मोठा संघ केला. शांतोसोचा जुना समुदाय आता ओरे-दांजूमध्येच विरघळला होता.

पुढचे काम नोंदींचे होते. नऊ गावांत चर्च रस्ता, मेरी रस्ता, शाळा रस्ता ही नावे पुन्हा पुन्हा येतात. आतापर्यंत पत्त्यात गावाचे नाव असे, म्हणून गोंधळ नव्हता. एकच कम्यून झाल्यावर रुग्णवाहिकेला आणि टपालाला ते परवडेना. त्यामुळे देशातल्या बहुतेक नव्या कम्यूनना शेकडो रस्त्यांची नावे बदलावी लागली. ज्यांचे नाव बदलले ते रुसले, ज्यांचे राहिले ते जिंकले, आणि गावोगावी वर्षभर हाच विषय चालला. २०२२ च्या कायद्याने तर लहानमोठ्या सर्वच कम्यूनना रस्त्यांना नाव आणि घरांना क्रमांक देणे बंधनकारक केले. वाडीच्या नावावर पत्र पोचण्याचे दिवस तिथेही सरले. लिरेच्या पत्त्यात लिरे हे नाव राहिले आहे, पण ओरे-दांजूच्या आधी, उपवस्तीच्या जागी.

लिरेला शाखा मेरी आहे आणि उपमेयरही. तिथे लग्न लागते, मृत्यूची नोंद होते. जन्माची जवळजवळ होतच नाही, कारण मुले रुग्णालयात जन्मतात आणि नोंद त्या रुग्णालयाच्या कम्यूनमध्ये होते. हा बदल विलीनीकरणाच्या कितीतरी आधीचा. द्यु बेलेच्या गढीचे अवशेष एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या नव्या वाड्याच्या आवारात उभे आहेत. गावात त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. चरित्रकोशांना मात्र त्याच्या जन्मगावापुढे आता कंसात एक नाव वाढवावे लागते. पलीकडच्या काठावरही लोण पोचले. १ जानेवारी २०१९ रोजी आंसनी आणि सँ-जेरेओं एक होऊन आंसनी-सँ-जेरेओं झाले. पुलाच्या दोन्ही टोकांची जुनी नावे अशी तीन वर्षांच्या आतबाहेर बदलली.

सत्तेचा हिशेब सर्वांत उशिरा झाला. कायद्याने संक्रमणकाळात सगळ्या जुन्या परिषदांचे सदस्य एकत्र ठेवण्याची मुभा होती. त्यामुळे अनेक नव्या कम्यूनमध्ये पहिली काही वर्षे शंभराहून अधिक सदस्यांच्या सभा भरत. सभागृह पुरत नसे, म्हणून क्रीडागृहात खुर्च्या मांडाव्या लागत. २०२० च्या निवडणुकीपासून संख्या एकदम खाली आली. ओरे-दांजूच्या आकाराच्या कम्यूनला ३५ च्या आसपास सदस्य मिळतात. लिरेचा मतदार आता लिरेसाठी वेगळे मत देत नाही. नऊ गावांसाठी उमेदवारांच्या याद्या उभ्या राहतात आणि त्यांतली एक यादी तो निवडतो. यादीत लिरेचा कोणी असेल की नाही, किती असतील, हे यादी करणाऱ्यांवर आहे. कायद्याने लिरेला राखीव जागा नाही. उपमेयरही गाव निवडत नाही, नव्या कम्यूनची परिषद निवडते. आणि उपकम्यून ठेवायची की रद्द करायची, हेही तीच परिषद ठरवू शकते.